फाइव्ह गार्डन्सचं कोवळं ऊन आणि ‘ड’

माटुंग्याच्या फाइव्ह गार्डन्समध्ये भल्या सकाळी फेऱ्या मारल्या की ‘ड’ जीवनसत्त्वाची सोय झाली, असं अनेकांना वाटतं. व्यायाम होतो, ‘ड’ फारसं मिळत नाही. ते तयार करणारे अतिनील-बी किरण पुरेसे पोचतात ते ऊन चढल्यावर, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की. खिडकीच्या काचेतून तर ते येतच नाहीत. परळच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १,१३७ निरोगी तरुणांपैकी ७० टक्क्यांमध्ये ‘ड’ची कमतरता निघाली होती.

या कमतरतेचा संबंध नसांच्या दुखण्याशीही जोडला जातो. रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजारात सूज उतरल्यावरही काहींचे तळपाय जळजळतात, बोटांना मुंग्या येतात. हे दुखणं नसांचं. ‘ड’ कमी असलेल्या रुग्णांत ते जास्त दिसतं, असं काही अभ्यासांत आढळलं आहे. पण कारण कोणतं नि परिणाम कोणता, हे त्यावरून ठरत नाही. सांधे धरलेला माणूस उन्हात फिरतो तरी किती? शिवाय मुंग्यांमागे बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत हमखास तपासावी) किंवा मनगटात दबलेली नसही असू शकते. म्हणून आधी रक्ततपासणी, मग औषध. ‘ड’चं ६०,००० युनिटचं पाकीट बहुधा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.