कोळशातून सिलिंडरपर्यंत

क्रांती चौकात जालना रोडची सकाळची गर्दी सिग्नलला थांबते, तोवर चहाच्या गाड्यांवर निळी ज्योत कधीच पेटलेली असते. या ज्योतीचा गॅस बहुधा जहाजातून आलेला. देशाला लागणाऱ्या एलपीजीपैकी साधारण 60 टक्के आपण आयात करतो. कोळसा मात्र घरचा. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या खाणींतला. मग तोच सिलिंडरमध्ये का भरू नये?

रसायनशास्त्राची त्याला हरकत नाही. जर्मनीत फिशर आणि ट्रॉप्श यांनी 1920 च्या दशकातच कोळशापासून द्रव इंधनाची वाट दाखवली. दक्षिण आफ्रिकेत ‘सासोल’ 1955 पासून त्या वाटेने इंधन तयार करते. कोळसा पूर्ण जाळायचा नाही. मोजका ऑक्सिजन आणि वाफ देऊन त्याचा वायू करायचा. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजनचे हे मिश्रण उत्प्रेरकावरून नेले की मिथेनॉल मिळते. मिथेनॉलमधून पाणी काढले की उरते डायमिथाइल इथर, म्हणजे डीएमई. एलपीजीसारखेच ते थोड्या दाबाखाली द्रव होते आणि काजळी न धरता जळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने मिथेनॉलपासून दिवसाला 20 ते 24 किलो डीएमई देणारा प्रायोगिक प्रकल्प उभा केला. एलपीजीत 20 टक्क्यांपर्यंत डीएमई मिसळण्याचे भारतीय मानकही आले.

मग अडते कुठे? आधी राखेत. आपल्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. परदेशी भट्ट्या कमी राखेच्या कोळशासाठी बेतलेल्या, म्हणून ‘भेल’ला हैदराबादेत अशा कोळशापासून मिथेनॉल करण्याचा वेगळा प्रयोग करावा लागला. दुसरी अडचण हायड्रोजनची. नैसर्गिक वायूत तो भरपूर असतो, कोळशात फार थोडा. तो वाफेतून मिळवताना कोळशातल्या कार्बनचा मोठा हिस्सा कारखान्यातच कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो, इंधन शेगडीत पोहोचण्याआधीच. 2030 पर्यंत वर्षाला 10 कोटी टन कोळशाचे वायूकरण करण्याचे सरकारचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी जानेवारी 2024 मध्ये 8,500 कोटींचे प्रोत्साहन मंजूर झाले. हा वायू कुठे साठवायचा, हे त्याच वेळी ठरायला हवे.

मधला टप्पा असलेल्या मिथेनॉलबद्दल गाफील राहून चालणार नाही. ते दिसायला आणि वासाला दारूसारखेच. पोटात गेल्यावर शरीर त्याचे फॉर्मिक आम्ल करते आणि ते डोळ्यांची नस जाळते. मुंबईच्या मालवणीत 2015 मध्ये मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभरावर माणसे गेली. धूसर दिसणे, उलट्या, धाप ही लक्षणे बऱ्याचदा 12 ते 24 तासांनी येतात. तोवर माणूस नुसता झिंगलेला वाटतो. अशा रुग्णाला झोपून उतरेल म्हणून घरी ठेवू नये. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाले तर जीव आणि दृष्टी वाचू शकते.

डीएमई स्वतः त्या मानाने बिनविषारी, पण ते काही रबरांना फुगवते, तेव्हा नळी आणि वॉशर त्याला साजेसे हवेत. शिवाय किलोमागे त्याची उष्णता एलपीजीच्या दोनतृतीयांशाहूनही कमी. चहाच्या गाड्यावर 10 दिवस पुरणारा 19 किलोचा सिलिंडर 20 टक्के मिश्रण असेल तर सव्वानऊ दिवसांतच संपेल. भाव मात्र आजही किलोवरच ठरतो.