मिरचीचा सॉस: चव कळेल इतपतच तिखट

तिखट सॉसच्या बाटल्यांवर हल्ली कवट्या, ज्वाळा आणि लाखालाखांचे आकडे छापलेले असतात. हे आकडे स्कोव्हिल एककाचे, म्हणजे मिरचीचा तिखटपणा मोजायच्या मापाचे. अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ साली ही पद्धत बसवली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तो तिखट लागेनासा झाला की थांबायचं. जितके पट पातळ करावा लागला, तितका आकडा. आता हे काम यंत्र करतं. या मापात ढोबळी मिरची शून्यावर आहे, हालापेनो ही मेक्सिकन मिरची अडीच ते आठ हजारांत, तर २०२३ साली गिनेस विक्रमांत नोंदलेली ‘पेपर एक्स’ सरासरी २६,९३,००० वर.

या आकड्यातून चवीबद्दल काहीच कळत नाही. मिरचीतलं तिखट द्रव्य म्हणजे कॅप्सायसिन. त्याला स्वतःचा वास नाही की चव नाही. तोंडातल्या नसांच्या टोकांवर उष्णता ओळखणारी प्रथिनं असतात. साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर ती जागी होतात आणि मेंदूला ‘भाजतंय’ असं कळवतात. कॅप्सायसिन नेमकं याच प्रथिनांवर जाऊन बसतं. डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली हे प्रथिन शोधलं आणि २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. म्हणजे तिखट लागणं ही एक प्रकारची वेदना आहे. थोडी असली की तोंडाला पाणी सुटतं, भूक खवळते. फार झाली की तिच्यापुढे आंबट, गोड, मिरचीचा वास असं बाकी काहीच जाणवत नाही.

म्हणूनच मला आवडणारे सॉस आकड्यांच्या शर्यतीत कुठेच नाहीत. लुइझियानातल्या एव्हरी आयलंडवर १८६८ पासून बनणारा टबॅस्को जेमतेम अडीच ते पाच हजारांत येतो. त्यात मिरची, मीठ आणि व्हिनेगर याखेरीज काही नाही. तरी त्याचा एक थेंब वेगळा ओळखू येतो, कारण वाटलेली मिरची मीठ घालून ओकच्या लाकडी पिंपांत तीन वर्षांपर्यंत मुरवलेली असते. थायलंडच्या सी राचा गावाचं नाव लावणारा श्रीराचा याच्या अगदी उलट. तो दाट, लसणीचा, गोडसर. पातळ आंबट सॉस तळलेल्या बोंबलावर किंवा अंड्यावर शोभतो, दाट गोडसर सॉस नूडल्सवर. दोन्हींत तिखटपणा मागच्या बाकावर बसलेला असतो.

असा सॉस आपण घरी करू शकतो. पिंप नसलं तरी काचेची बरणी, मीठ आणि आठ-दहा दिवसांचा धीर पुरतो.

पहिलं काम मिरची निवडण्याचं. थंडीत मंडईत ओल्या लाल मिरच्या येतात, लोणच्यासाठी आपण घेतो त्याच. हिरवी मिरची चालते, पण पिकलेल्या लाल मिरचीत साखर जास्त असते. ती आंबवणाऱ्या जिवाणूंच्या कामी येते आणि सॉसला फळासारखा गोडवाही देते. मिरच्या तुकतुकीत, देठ हिरवे असलेल्या घ्याव्यात. मऊ पडलेली किंवा काळा डाग असलेली मिरची काढून टाकावी. एक सडकी मिरची पूर्ण बरणी नासवते.

इथे बहुतेकांची पहिली चूक होते: लवंगीसारखी बारीक, जहाल मिरची भरपूर घेतली जाते आणि मग तो सॉस कोणालाच खाता येत नाही. त्यावर सोपा उपाय म्हणजे लाल ढोबळी मिरची. ३०० ग्रॅम ओल्या लाल मिरच्यांना २०० ग्रॅम लाल ढोबळी मिरची घ्या. तिखटपणा उतरतो आणि मिरचीचा स्वाद मात्र वाढतो, कारण ढोबळीही मिरचीच आहे. रंग गडद हवा असेल तर चार-पाच सुक्या ब्याडग्या कोमट पाण्यात भिजवून, निथळून घालाव्यात. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली ही मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची. लसणाच्या सात-आठ पाकळ्याही घ्या.

आता चिरणं. हातमोजे घालाच. नसतील तर हाताला आधी खोबरेल तेल लावावं. कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे नुसत्या पाण्याने कितीही हात धुतले तरी रात्री डोळ्याला हात लागताच आग होते. काम झाल्यावर आधी तेल चोळून पुसावं, मग साबणाने धुवावं.

एक मिरची उभी चिरून नीट बघा. आत बिया असतात आणि त्या बियांना धरून ठेवणारी पांढरट, स्पंजासारखी शीर देठापासून खाली उतरलेली दिसते. सगळा तिखटपणा बियांत असतो असं घरोघरी सांगतात, पण कॅप्सायसिन तयार होतं ते या शिरेत. बिया तिला चिकटून असतात म्हणून तिखट लागतात. शीर सुरीच्या टोकाने खरवडून काढली की उरलेल्या लाल गरात मिरचीचा वास आणि गोडवा राहतो आणि झोंबणं बरंच कमी होतं. पहिल्यांदा करताना निम्म्या मिरच्यांच्या शिरा काढाव्यात. तिखट पुढच्या वेळी वाढवता येतं, झालेलं कमी करणं मात्र जिकिरीचं.

चिरलेलं सगळं वजन करा आणि त्याच्या तीन टक्के मीठ घ्या. म्हणजे ५०० ग्रॅमला १५ ग्रॅम. अंदाजाने चिमटी टाकू नका. मीठ कमी पडलं तर नको ते जिवाणू आणि बुरशी माजतात, फार झालं तर हवे ते जिवाणूही सुस्तावतात आणि सॉस खारट होतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा इथे खरा उपयोगी पडतो. खडे मीठ असेल तर कुटून घ्या, म्हणजे सारखं मिसळेल.

मीठ आणि मिरच्या मिक्सरमधून जाडसर फिरवा. पाणी अजिबात नको, मिरचीलाच पुरेसं सुटतं. भांडं उघडताना तोंड बाजूला ठेवा, वाफेने ठसका लागतो. खिडकी उघडी असू द्या.

धुऊन, पूर्ण कोरड्या केलेल्या काचेच्या बरणीत हे मिश्रण दाबून भरा. वरचा पाव भाग रिकामा सोडा. आंबताना मिश्रण फुगून वर येतं आणि काठोकाठ भरलेली बरणी ओट्यावर सांडते. झाकण प्लास्टिकचं असावं, पत्र्याचं झाकण मीठ-आंबटाने गंजतं. ते घट्ट फिरवू नका, वायू बाहेर जायला वाट हवी. बरणीखाली ताटली ठेवा आणि ती उन्हापासून लांब, सावलीत ठेवा.

आता बरणीत काय चालतं ते समजून घेऊ, म्हणजे पुढे घाबरायला होणार नाही. मिरचीच्या सालीवर लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू आधीच असतात, दही लावणाऱ्या जिवाणूंचे हे भाऊबंद. मीठ त्यांना सोसतं, इतर अनेकांना सोसत नाही. ते मिरचीतली साखर खातात आणि आम्ल सोडतात, सोबत वायूही. आंबटपणा वाढत जातो आणि त्यात नासवणारे जिवाणू टिकत नाहीत. शिवाय मिरचीचा कच्चट, हिरवट वास जाऊन पिकलेल्या फळासारखा, थोडा आंबूस वास येऊ लागतो. नुसत्या व्हिनेगरमध्ये वाटलेल्या मिरचीला हा वास कधीच येत नाही, म्हणून हा टप्पा गाळू नये असं मला मनापासून वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुडबुडे दिसतात आणि गर वर, पाणी खाली असं होतं. रोज एकदा स्वच्छ, कोरड्या चमच्याने ढवळून पुन्हा दाबा. हवेवर उघडा राहिलेला गरच खराब होतो. ढवळायचा कंटाळा हे बरण्या फसण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे.

कधी वर पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय धरते. ते एक प्रकारचं किण्व असतं. त्याने अपाय होत नाही, पण चव बिघडते, म्हणून ते लगेच काढून टाकावं. केसाळ, फुगीर ठिपके दिसले, हिरवे, काळे, गुलाबी, कोणत्याही रंगाचे, तर ती बुरशी. मग वरचं काढून खालचं वापरायचा मोह नको, सगळं टाकून द्या. सडका वास आला तरी तेच.

पुण्या-मुंबईच्या हिवाळ्यात आठ-दहा दिवस लागतात. मे महिन्याच्या उकाड्यात काम चार-पाच दिवसांत उरकतं, पण चव उथळ राहते आणि गर लिबलिबीत होतो. बुडबुडे मंदावले आणि वास आंबूस-गोड झाला की एकदा सामू तपासा. सामू म्हणजे आम्लता मोजायचं माप, पीएच म्हणतात तेच. प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानात त्याच्या कागदी पट्ट्या मिळतात. ४.६ च्या खाली बोटुलिझमचे जिवाणू वाढू शकत नाहीत. घरी आपण ४ च्या खालीच राहावं.

आता १०० मिलिलिटर व्हिनेगर घालून मिश्रण मिक्सरमध्ये अगदी बारीक वाटा आणि गाळणीतून चमच्याने दाबून गाळा. व्हिनेगर कोणतं, याला महत्त्व आहे. किराणा दुकानातलं पांढरं कृत्रिम व्हिनेगर नुसतं आंबट आणि नाकात जाणारं. गोव्यात विंदालू आणि रेशादच्या मसाल्यात पडतं ते माडाच्या सुरेचं व्हिनेगर मऊ आणि सुवासिक असतं. मिळालं तर तेच घ्या.

सॉस मंद आचेवर पाच मिनिटं गरम केला तर आंबणं थांबतं आणि थोडा सुवासही उडतो. मला न शिजवलेला आवडतो. तो फ्रीजमध्येच ठेवावा लागतो आणि झाकण अधूनमधून सैल करावं लागतं, नाहीतर बाटलीत दाब साठतो. साखर किंवा आंबा-अननसाचा गर घालणार असाल तर मात्र शिजवाच, कारण नवी साखर म्हणजे जिवाणूंना नवं खाद्य. शिजवलेला सॉसही फ्रीजमध्येच ठेवावा.

लगेच चाखून निकाल देऊ नका. व्हिनेगरचा तोरा उतरायला आठवडा जातो. मग साध्या भातावर किंवा उकडलेल्या बटाट्याच्या फोडीवर थेंब घालून चाखा, नुसता बोटावर घेऊ नका. सॉस बेचव वाटला तर आधी चिमूटभर मीठ, मग थोडं व्हिनेगर आणि शेवटी साखर असा क्रम ठेवा. तिखट जास्त झालं असेल तर पाणी घालू नका, सॉस पातळ होतो आणि आम्लता कमी होते. भाजून सोललेली लाल ढोबळी किंवा उकडलेलं गाजर व्हिनेगरमध्ये वाटून घाला आणि सामू पुन्हा बघा. चाखताना तोंड भाजलं तर दूध किंवा दही घ्या. दुधातलं केसिन हे प्रथिन कॅप्सायसिनला धरून जिभेवरून उतरवतं, पाणी ते तोंडभर पसरवतं.

गाळून उरलेला चोथा टाकू नका. ताटात पातळ पसरून उन्हात कडकडीत वाळवा आणि भरडून डबीत भरा. पिठल्यावर किंवा गरम थालीपिठाच्या लोण्यावर ही आंबूस पूड भुरभुरली की वेगळं तिखट घ्यावं लागत नाही.