पित्ताशयाचा कर्करोग आणि उरलेलें आयुष्य

यकृताच्या खालीं तीन-चार इंच लांबीची एक पिशवी असते. तिला पित्ताशय म्हणतात. यकृतांत तयार झालेलें पित्त ती साठविते. या पिशवीचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यांत जितका आढळतो तितका महाराष्ट्रांत आढळत नाहीं. परंतु जेथें होतो तेथें तो बहुधा उशिरांच कळतो. आरंभीं तो दुखत नाहीं. पुढें दुखूं लागला तरी पित्ताचे खडे समजून दुर्लक्ष होतें. कावीळ दिसेपर्यंत तो पुष्कळदां यकृतांत वा पित्तनलिकेंत शिरलेला असतो, आणि मग शस्त्रक्रियेनें समूळ निघत नाहीं.

अशा वेळीं घरच्यांचा प्रश्न एकच: आतां किती दिवस? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें २०१० सालीं अशा ८१ रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. केवळ शुश्रूषा लाभलेल्यांच्या आयुष्याचा मध्यक साडेचार महिने होता. जेमसिटाबिन व ऑक्झॅलिप्लाटिन हीं औषधें मिळालेल्यांचा साडेनऊ. पित्तमार्गाच्या सर्व कर्करोगांवरील २०२२ च्या एका चाचणींत नेहमींच्या औषधांस ड्युर्व्हॅल्युमॅबची जोड दिल्यावर दोन वर्षें जगणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें १० वरून २५ वर गेलें.

मात्र मध्यक म्हणजे मुदत नव्हे. सर्व रोगी आयुष्याच्या क्रमानें उभे केले, तर अगदीं मधल्याचें आयुष्य तो मध्यक. निम्मे त्याआधीं जातात, निम्मे त्यापुढें जगतात. कोणता रोगी कोणत्या बाजूस पडेल हें रोगाचा पसारा, काविळीचा जोर आणि अंगांतील शक्ति यांवर पुष्कळसें ठरतें.

शिवाय महिने केवळ मोजावयाचे नसतात, ते घालवावयाचे असतात. जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन या नेहमींच्या औषधांसाठीं दर तीन आठवड्यांत दोनदां रुग्णालयांत जावें लागतें. बीड जिल्ह्यांतील तेलगांवच्या रोग्यास छत्रपति संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरणें म्हणजे प्रत्येक खेपेस सगळा दिवस आणि पुष्कळशी शक्ति खर्ची घालणें होय. अशक्त रोग्यास ही खेप झेपेल काय, हें वैद्यास आधींच विचारलें पाहिजे.

औषध न घेण्याचें ठरलें, तरी उपचार संपत नाहींत. दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्तनलिकेंत बारीक नळी बसविली कीं कावीळ व खाज पुष्कळदां उतरते. वैद्याच्या देखरेखीखालीं दिलेल्या मॉर्फीननें वेदना आटोक्यांत येते, झोंप लागते. तें योग्य प्रमाणांत दिल्यानें मरण लवकर ओढवतें हा समज खरा नव्हे. म्हणून "किती दिवस?" या प्रश्नास दुसरा प्रश्न जोडावा: "हे दिवस सुखाचे कसे होतील?" पहिल्याचें उत्तर अंदाजाचें असतें, दुसऱ्याचें पुष्कळसें घरच्यांच्या आणि वैद्याच्या हातीं असतें.