काजव्याचा दिवा आणि पाण्याची परीक्षा

पावसाळा जवळ आला कीं अलिबाग-मुरूडकडील झाडांवर काजवे लुकलुकूं लागतात. या शीत प्रकाशाचा पाण्यांतील जंतूंच्या परीक्षेशीं निकट संबंध आहे.

काजव्याच्या पोटांत ल्युसिफेरिन हें द्रव्य व ल्युसिफरेज हें प्रथिन असतें. त्यांना उजेड पाडावयास एटीपी लागतें, हें मॅकएल्रॉय यांनीं १९४७ सालीं दाखविलें. एटीपी म्हणजे प्रत्येक सजीव पेशीचें इंधन. अर्थात् जंतूंतही तें असतें. मूळ प्रथिन उष्णतेनें लवकर निकामी होतें. १९८५ सालीं त्याचें जनुक हातीं आलें आणि पुढें शास्त्रज्ञांनीं त्यांत फेरबदल करून अधिक टिकाऊ प्रथिन घडविलें. आतां पाण्यांतील जंतूंच्या पेशी फोडून त्यांत हें मिश्रण घालतात व उमटलेला उजेड यंत्रानें मोजतात. जंतु वाढवून पाहण्यास एक दिवस तरी लागतो. येथें उत्तर कांहीं मिनिटांत मिळतें.

मात्र हा दिवा जंतूचें नांव सांगत नाहीं. निरुपद्रवी जंतूंनींही तो उजळतो, आणि मोजके घातक जंतु त्यास दिसतीलच असें नाहीं.

वर्गांत मीं वर्षानुवर्षें ‘नितळ पाणी तें शुद्ध पाणी’ असें शिकविलें. ती माझी चूक होती. विहिरीचें पाणी कितीही नितळ दिसो, तें उकळूनच प्यावें.