जनुकांची कात्री आणि कपाशीचे बियाणे

नाशिक शहरातील द्वारका चौकातून मुंबई-आग्रा महामार्ग ओझर, चांदवड ओलांडून मालेगावकडे जातो. द्राक्षबागा मागे पडतात, मालेगाव तालुक्यात कपाशीची शेते दिसू लागतात आणि पुढे खान्देशभर ती सोबत करतात. या भागात पेरले जाणारे कपाशीचे बियाणे बहुतांशी बीटी असते. असे असूनही बोंडात गुलाबी अळी का निघते, हा प्रश्न ग्रामसेवकांना व कृषी सहायकांना वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर देण्यासाठी हे बियाणे कसे तयार झाले, ते प्रथम समजून घेणे इष्ट होय.

जंतूंजवळील कात्री

विषाणू जंतूंवरही हल्ला करतात व आपला डीएनए त्यांच्या पेशीत सोडतात. हा परका डीएनए तोडण्यासाठी अनेक जंतूंजवळ विशिष्ट विकरे असतात. त्यांना रिस्ट्रिक्शन एन्झाइम म्हणजेच छेदक विकरे म्हणतात. डीएनए हा ए, टी, जी व सी या चार अक्षरांत लिहिलेला लांब धागा आहे, असे मानावे. प्रत्येक छेदक विकर त्यातील ठराविक अक्षरक्रम ओळखते व तेथेच काप घेते. या शोधाबद्दल वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स व हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाच विकराने कापलेले दोन निरनिराळ्या जीवांचे तुकडे परस्परांशी जुळतात, व लायगेज नावाचे दुसरे विकर हा सांधा पक्का करते. आंब्याचे कलम बांधताना खुंट व कलमकाडी यांचे काप जुळवून घेतात, तसाच काहीसा हा प्रकार होय.

कपाशीत आलेले जनुक

बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे संक्षेपाने बीटी, हा मातीत आढळणारा जंतू एक प्रथिन तयार करतो. बोंडअळीने ते खाल्ल्यास तिच्या आतड्याला छिद्रे पडतात व ती मरते. शास्त्रज्ञांनी या प्रथिनाचे जनुक वेगळे काढून, त्यात आवश्यक फेरफार करून ते कपाशीत आणले. जालना येथील महिको कंपनीच्या तीन बीटी संकरित वाणांना २६ मार्च २००२ रोजी केंद्रीय समितीने मान्यता दिली. २००६ साली दोन जनुके असलेले वाण आले.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कात्रीने झाडात जे आले, ते केवळ बोंडअळीविरुद्धचे शस्त्र होय. मावा, तुडतुडे, पांढरी माशी या रसशोषक किडींवर त्याचा उपयोग होत नाही.

अळी पुन्हा का आली?

लाखो अळ्यांत एखादी विष पचविणारी निघते. बिगर-बीटी कपाशीवर वाढलेल्या साध्या पतंगांशी तिच्या पतंगाचा संयोग झाला, तर ही शक्ती पुढील पिढीत दबून राहते. म्हणूनच बिगर-बीटी आश्रय ओळींची शिफारस होती व ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. पुष्कळ शेतांत ते पेरलेच गेले नाही. शिवाय फरदडीमुळे अळीला दीर्घकाळ अन्न मिळाले. परिणामी गुलाबी बोंडअळी दोन्ही जनुकांना पुरून उरली व २०१७ च्या खरीप हंगामात महाराष्ट्रात कपाशीचे मोठे नुकसान झाले.

शेतकरी बंधूंनी काय करावे?

१. पावसाळ्यापूर्वीची पेरणी टाळावी व लवकर तयार होणारे वाण निवडावे.
२. मिश्र केलेले किंवा वेगळे दिलेले बिगर-बीटी बियाणे काढून टाकू नये.
३. एकरी दोन कामगंध सापळे लावावे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा अधिक पतंग आढळल्यास उपाय योजावे.
४. डोमकळ्या, म्हणजे न उमलता मिटलेल्या फुलकळ्या, वेचून नष्ट कराव्या.
५. डिसेंबरअखेर पीक काढून पऱ्हाट्यांची विल्हेवाट लावावी. फरदड घेऊ नये.
६. मान्यता नसलेले तणनाशक-सहनशील बियाणे घेऊ नये. ते बेकायदेशीर आहे व त्याच्या उगवणीची किंवा शुद्धतेची हमी कोणी देत नाही.

ग्रामसेवकांनी या गोष्टी पेरणीपूर्वीच्या सभेत समजावून सांगाव्या. एका शेतकऱ्याने फरदड ठेवली, तर त्याच्या शेतातील पतंग शेजाऱ्याच्या कपाशीवर जातात. प्रयोगशाळेतील कात्रीने बियाण्याला एक शस्त्र दिले आहे. ते बोथट होऊ न देणे हे साऱ्या गावाने मिळून करावयाचे काम होय.