देवळाचे आठ आकडे

चौकटींची गणिताची वही काढा आणि आडवी आठ, उभी आठ घरं असलेला एक चौकोन आखा. यात आपल्याला प्रकाशाचं देऊळ बसवायचंय! प्रकाशा म्हणजे नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात, तापी आणि गोमाई जिथे भेटतात तिथलं गाव. देवळं इतकी, की लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. तिथलं एखादं शिखर डोळ्यांपुढे आणा. वर काठी, काठीला झेंडा, खाली रुंद होत गेलेलं शिखर आणि मधोमध दार. चौसष्ट घरांत एवढं मावेल? मावतं की!

□□□■■■□□
□□□■□□□□
□□■■■□□□
□□■■■□□□
□■■■■■□□
□■■■■■□□
■■■□■■■□
■■■□■■■□

आता प्रत्येक ओळीचा एक आकडा करू. आठ घरांच्या डोक्यावर डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती लिहा. जी घरं काळी, त्यांच्या किमतींची बेरीज करा. पहिल्या ओळीत १६, ८ आणि ४ काळी, म्हणजे २८. दुसरीत नुसती काठी, म्हणजे १६. असं खालपर्यंत जा. आठ आकडे मिळतील: २८, १६, ५६, ५६, १२४, १२४, २३८, २३८.

झालं, देऊळ संगणकात जायला तयार! संगणकाच्या पोटात ना शिखर असतं ना झेंडा, असतात ते नुसते आकडे. एका घराला म्हणायचं बिट आणि आठ बिटांच्या ओळीला बाइट.

टीव्हीला जोडायचा संगणक

तुमचे आईबाबा लहान होते तेव्हा घरगुती संगणक टीव्हीला जोडावा लागायचा. १९८२ मध्ये इंग्लंडात आलेला झेडएक्स स्पेक्ट्रम हा त्यातलाच एक. आपल्या पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावाने भारतात आणला होता. त्याच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. आठ ठिपक्यांचा एक बाइट, म्हणजे झाले ६,१४४ बाइट. शिवाय आठ बाय आठच्या प्रत्येक चौकोनाला रंगाचा एक बाइट. असे चौकोन ७६८. एकूण ६,९१२ बाइट, की पडदाभर चित्र तयार! आजच्या फोनमधल्या दोन एमबीच्या एका फोटोच्या जागेत अशी जवळजवळ तीनशे चित्रं मावतील.

हे चित्र साठवायचं कुठे? गाण्याच्या कॅसेटवर! स्पेक्ट्रम प्रत्येक बिटाचा आवाज करायचा. शून्यासाठी छोटी लाट, एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची. टेपरेकॉर्डर ते चिरचिरणं टिपून घ्यायचा. कॅसेट पुन्हा लावली की साधारण ४० सेकंदांत चित्र पडद्यावर उतरायचं, तेही अजब रीतीने. वरून खाली सरळ नाहीच. बाईंनी हजेरी घेताना आधी प्रत्येक रांगेतलं पहिलं मूल, मग प्रत्येक रांगेतलं दुसरं मूल असं पुकारावं, तसं! पडद्याच्या वरच्या तिसऱ्या भागात आधी आठही चौकोन-रांगांची पहिली रेघ, मग सगळ्यांची दुसरी. तो भाग भरला की मधला, मग खालचा. त्यामुळे आपल्या देवळाचा २८ आल्यावर १६ यायला मध्ये तब्बल २५५ दुसरे बाइट जायचे. रंग सगळ्यात शेवटी. तोवर काळंपांढरं असलेलं चित्र भराभर रंगून जायचं.

झेंडा पलटला!

स्पेक्ट्रम बाइट आपल्या वहीसारखाच मांडतो, १२८ किमतीचं घर सगळ्यात डावीकडे. आता हेच आठ आकडे दुसऱ्या संगणकाला देऊ. अमेरिकेत १९७७ मध्ये आलेला ॲपल टू घ्या. त्याचा नियम वेगळा. तो बाइट उलट्या बाजूने मांडतो, १ किमतीचं घर सगळ्यात डावीकडे. आणि ठिपके काढतो सातच. १२८ किमतीचं आठवं घर तो रंगाच्या कामाला लावतो. त्याच्या पडद्यावर आपलं देऊळ असं दिसेल:

□□■■■□□
□□□□■□□
□□□■■■□
□□□■■■□
□□■■■■■
□□■■■■■
□■■■□■■
□■■■□■■

झेंडा उजवीकडचा डावीकडे गेला! आणि खालच्या दोन ओळी बघा. दाराच्या एका बाजूची भिंत तीन घरांची, दुसरीकडची दोनच. आकडा एकही बदललेला नाही, बदलला तो वाचायचा नियम.

१९८४ मध्ये भारतातल्या काही शाळांमध्ये संगणक शिकवायचा प्रकल्प सुरू झाला, तेव्हा बीबीसी मायक्रो नावाची यंत्रं आली. त्यांचा आणखी तिसराच हिशेब. आठ रंग हवे असतील, तर एका बाइटमध्ये दोनच ठिपके. आपला २८ तिथे काठी आणि झेंडा राहत नाही, त्याचे दोन रंगीत ठिपके होतात. म्हणून एका यंत्राचं चित्र दुसऱ्यावर नुसतं उघडलं, की पडद्यावर रेघा आणि ठिपक्यांचा नुसता काला.

मग उपाय काय? मध्ये एक प्रोग्राम बसवायचा. तो पहिल्या यंत्राच्या नियमाने आकडे वाचतो, कुठे कोणता ठिपका हे ठरवतो आणि तेच ठिपके दुसऱ्या यंत्राच्या नियमाने नव्या आकड्यांत लिहून काढतो. काही वेळा हे अगदी सोपं जातं. कमोडोर ६४ नावाच्या संगणकात एका चौकोनाचे आठ बाइट ओळीने शेजारी असतात, आणि त्याच्या बारीक ठिपक्यांच्या चित्रात एका चौकोनाला स्पेक्ट्रमसारखेच दोन रंग. शिवाय त्याचा पडदा ३२० बाय २००, म्हणजे मोठाच. बाइटांची जागा बदला, रंग जुळवा, कडेला थोडी रिकामी पट्टी सोडा, झालं काम.

भगवा आणायचा कुठून?

उलटा प्रवास मात्र अवघड. कमोडोरकडे सोळा रंग, त्यात नारिंगी आणि तपकिरीसुद्धा. स्पेक्ट्रमकडे मूळ रंग आठच: काळा, निळा, लाल, किरमिजी, हिरवा, आकाशी, पिवळा, पांढरा. आपल्या झेंड्याचा भगवा त्यात नाहीच! मग प्रोग्रामने जवळचा रंग शोधायचा, म्हणजे लाल किंवा पिवळा.

बरं, घेऊ लाल. तरी पुढे अडचण आहेच. स्पेक्ट्रममध्ये एका चौकोनाला दोनच रंग. आपल्या चौकोनात निळ्या आकाशाचे दाराची घरं धरून ३२ ठिपके, पांढऱ्या देवळाचे काठी धरून ३० आणि झेंड्याचे अवघे २. प्रोग्राम मोजणी करतो, सर्वांत जास्त असलेले दोन रंग ठेवतो, आणि बहुमतात झेंडा हरतो! चतुर चित्रकार यावर तोड काढायचे. देऊळ दोन ओळी वर सरकवलं की काठी आणि झेंडा वरच्या चौकोनात जातात. तिथे काठीही झेंड्याच्याच लाल रंगात काढली की लाल आणि निळा, दोनच रंग. म्हणजे चित्र बदलून देताना काय राखायचं, काय सोडायचं हे कुणालातरी ठरवावं लागतं.

काही चित्रं मात्र नशीब काढून येतात. १९५४-५५ मध्ये प्रकाशाच्या टेकाडावर उत्खनन झालं. ताम्रपाषाण काळातली, म्हणजे तीन हजार वर्षांहून जुनी, जोर्वे पद्धतीची खापरं तिथे सापडली. लाल मडक्यावर काळी नक्षी. रंग दोनच! अशा खापराची नक्षी स्पेक्ट्रमच्या चौकोनांत बिनतक्रार बसेल.

सगळ्यांचा एक नियम

१९८७ मध्ये अमेरिकेतल्या कॉम्प्युसर्व्ह कंपनीपुढे हाच पेच होता. तिचे ग्राहक तऱ्हेतऱ्हेचे संगणक वापरायचे, आणि चित्र सगळ्यांना दिसायला हवं होतं. तिने ‘जिफ’ नावाची पद्धत काढली. चित्राची रुंदी, उंची, रंगांची यादी हे सगळं फाइलच्या सुरुवातीलाच लिहायचं. वाचायचा नियम जाहीर. मग यंत्र कुठलंही असो, त्याने तो पाळला की झालं. फोनवरच्या हलत्या चित्रांना आपण ‘जिफ’ म्हणतो, ते नाव याच पद्धतीचं. शाळेतल्या संगणकावर एखादं जिफ चित्र नोटपॅडमध्ये उघडून बघा. अगम्य चिन्हांचा ढीग दिसेल, पण सुरुवातीची तीन अक्षरं मात्र स्वच्छ वाचता येतील: जी, आय, एफ.

आता तुमची पाळी. तापीच्या पाण्यातली एक गोष्ट आठ आकड्यांत लपवली आहे: १६, २४, २८, ३०, १६, २५५, १२६, ६०. आधी स्पेक्ट्रमच्या नियमाने घरं रंगवा. मग ॲपल टूच्या नियमाने पुन्हा काढा आणि काय कुठे सरकलं ते शोधा. उत्तर कुणाला विचारू नका, चौकटींची वहीच सांगेल!