घराची शाकारणी व घराचे वांटेकरी

घर म्हटलें कीं ओटी, माजघर, देवघर, परसू हीं सर्व डोळ्यांपुढें उभीं राहतात. छपराची आठवण मात्र बहुधा अंथरुणावर पाण्याचा पहिला थेंब पडला म्हणजेच होते. वस्तुतः उरलेलें सगळें घर त्या छपराच्या आश्रयानें जगत असतें. आपल्या पूर्वजांचें तिकडे दुर्लक्ष नव्हतें. अमरकोशांत छपरास ‘पटल’ व ‘छदि’, त्याच्या लांकडास ‘गोपानसी’ व ‘वलभी’, आणि वळचणीस ‘वलीक’ व ‘नीध्र’ असे निरनिराळे शब्द दिले आहेत. ज्या वस्तूच्या प्रत्येक अंगास स्वतंत्र नांव आहे, त्या वस्तूकडे लोकांचें लक्ष होतें असें समजण्यास हरकत नाहीं.

काश्मीर, हिमाचल ह्यांसारख्या प्रदेशांत जुन्या घराचें छप्पर हिंवाळ्यापूर्वीं नीट करून घ्यावें लागतें, कारण तेथें त्यास हिमाचा भार सोसावयाचा असतो. आपल्या कोंकणांत हिंवाळा सौम्य. छपराची परीक्षा घेतो तो पाऊस. रत्नागिरीस वर्षाकाठीं सरासरीनें ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आंबोलीस सुमारें त्याच्या दुप्पट. आणि त्यांतील बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. म्हणून होळी झाली कीं छपराकडे पाहावें, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास गडी वर चढवावेत, आणि मृग लागण्यापूर्वीं शेवटचें कौल जागेवर बसवावें, असा जुना शिरस्ता आहे. मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागतें. वेधशाळेनें २०२० सालीं सुधारलेल्या तारखांप्रमाणें मुंबईस मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास पोहोंचतो. तेव्हां पंचांग व वेधशाळा ह्यांचा ह्या बाबतींत फारसा मतभेद नाहीं. तथापि ३ जून २०२० रोजीं रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलेलें ‘निसर्ग’ वादळ आणि मे २०२१ मध्यें कोंकणपट्टीस घासून गेलेलें ‘तौक्ते’ वादळ, हीं दोन्ही मृगाची वाट पाहत थांबलीं नाहींत. ह्यापुढें हें काम वैशाखाच्या पूर्वार्धांतच उरकलेलें बरें.

ह्या कामास शाकारणी म्हणतात. घरें जेव्हां गवतानें वा पेंढ्यानें शाकारलेलीं असत, तेव्हां तें दरवर्षीं चुकत नसे. कारण गेल्या वर्षींचें गवत कुजलेलें सर्वांस दिसे. पुढें नळीचीं कौलें आलीं. तीं माकडांमांजरांनीं व वाऱ्यानें सरकत, म्हणून तींही वर्षास उलगडून पुनः बसवावीं लागत. नंतर मंगलोरी कौलांचें युग आलें. बासेल मिशनने १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती व गुरुपूर ह्या नद्यांच्या कांठची माती, यंत्रांत दाबून काढलेला सांचा, आणि एका कौलाची कड दुसऱ्याच्या खोबणींत अडकविण्याची युक्ति, ह्या तिहींच्या योगें तें कौल इतकें पक्कें निघालें कीं थोड्याच काळांत तें पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरलें.

परंतु कौल टिकाऊ निघालें, तसा घरधनी निर्धास्त झाला. कौल शंभर वर्षें टिकेल. पण तें ज्या रिपेवर बसतें ती रीप, रीप ज्या वाशावर ठोकलेली असते तो वासा, आणि वासे ज्यास टेकतात तें आढें, हीं सर्व लांकडाचीं आहेत, व लांकडास पाण्याशीं वैर फार दिवस करतां येत नाहीं. एका मंगलोरी कौलाचें वजन सुमारें अडीच किलो. १०० चौरस फुटांस तीं दीडशेच्या आसपास लागतात. म्हणजे एवढ्याशा भागावर ३५० किलोंहून अधिक भार झाला. भिजलेल्या कौलांनीं तो आणखी वाढतो. आंतून पोखरलेल्या वाशानें तो किती पावसाळे पेलावा?

छपराची पहिली तपासणी घरांतील कोणासही करतां येते. चैत्रांतील रखरखीत दुपारीं दारेंखिडक्या लावून माळ्यावर जावें. जेथून कवडसा आंत येतो तेथून पाणीही येऊं शकतें. त्या त्या जागीं खडूनें खूण करावी. कवडसा दिसला नाहीं म्हणजे छप्पर निर्दोष, असें मात्र समजूं नये. पाणी फुटक्या कौलांतून शिरतें, वाशाच्या अंगानें दोन-चार हात वाहत येतें, आणि भलत्याच ठिकाणीं ठिबकतें. म्हणून गेल्या वर्षीं जेथें गळलें तेथून आढ्याच्या दिशेनें वर पाहत जावें. घर कोठें गळतें हें पुरुषांपेक्षां स्त्रियांस अधिक अचूक ठाऊक असतें, कारण रात्रीं उठून पातेलीं मांडण्याचा प्रसंग त्यांवरच येतो. गडी वर चढविण्यापूर्वीं त्यांस अवश्य विचारावें.

काढलेलें कौल बोटाच्या पेरानें वाजवून पाहावें. खणखणीत वाजलें तर चांगलें. आवाज बद्द आला तर त्यास तडा आहे. शेवाळ काथ्याच्या कुंच्यानें घासून काढावें व खोबणींतील माती साफ करावी. पाण्याची वाट तुंबली कीं तें कडेवरून उलटून आंत येतें. दोन पाखीं जेथें मिळतात तेथील पन्हळींत आंब्याफणसांचा पाला हटकून साठतो. बहुतेक मोठ्या गळत्यांचें मूळ तेथें सांपडतें. वाशांस सुरीचें टोंक लावून पाहावें. तें सहज आंत गेलें तर लांकूड गेलें म्हणून समजावें. विशेषतः भिंतींत बसलेलीं टोंकें तपासावीं, कारण तेथें ओल धरून राहते. पाख्यास झोळ पडलेला दिसला तर नुसतीं कौलें बदलून भागणार नाहीं. सुतारासच बोलाविलें पाहिजे.

येथें एका जुन्या रक्षकाचें स्मरण करणें उचित होईल. चुलीचा धूर वर्षानुवर्षें वाशांवर बसत असे. त्यानें घर काळवंडे, परंतु लांकूड कोरडें राही व किडीस तेथें थारा मिळत नसे. ग्यास आल्यानें गृहिणीचे डोळे व फुप्फुसें वांचलीं, हा लाभ लहान नव्हे, आणि धूर परत आणावा असें कोणीही शहाणा म्हणणार नाहीं. पण धुराचें काम आतां दुसऱ्या कोणीतरी केलें पाहिजे. लांकडास वाळवीचें औषध लावावें, माळ्यावर वारा खेळता ठेवावा, आणि घर बंद असेल तर पावसाळ्यांतही उघाड पडतांच कोणीतरी तें उघडून वारें द्यावें. बारमाही कुलूपबंद घराइतकें लवकर कोणतेंच घर कुजत नाहीं.

अलीकडील कांहीं उपाय विचारपूर्वक योजावे. आढ्यावर सिमेंट थापलें म्हणजे एक-दोन वर्षें बरें चालतें. पण उन्हापावसानें लांकूड हलतें, सिमेंट हलत नाहीं, व तेथेंच भेग पडते. चुन्याचा गिलावा ह्या कामीं अधिक सोसणारा. कौलांखालीं प्लास्टिक अंथरल्यास गळती तात्पुरती थांबते, मात्र ओल रिपेशीं कोंडली जाते. सबंध घरावर पत्र्याचा मांडव घालण्याची चाल कोंकणांत वाढत आहे. तिनें पाणी थांबतें हें खरें. परंतु खाऱ्या हवेंत पत्रा गंजतो, आणि नीट जखडलेला नसला तर वादळांत तोच शस्त्रासारखा उडतो. छपरावर चढणारानें पाय कौलाच्या मध्यभागीं न देतां वाशाच्या रेषेवर द्यावा, पाख्यावर शिडी आडवी टाकावी, कमरेस दोर बांधावा व विजेचा मुख्य खटका बंद करावा. जुने आस्बेस्टासचे पत्रे असतील तर ते फोडूं वा भोंकूं नयेत. त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते.

हें सर्व ठाऊक असूनही घरें पडतात. आमच्या मतें ह्याचें मुख्य कारण वांटणींत आहे. एका घराच्या खोल्या चार भावांत वांटतां येतात. ओटी इकडे, माजघर तिकडे, मध्यें भिंतही घालतां येते. छप्पर मात्र वांटतां येत नाहीं. एकाच आढ्यास सर्वांचे वासे टेकलेले असतात. थोरल्याच्या बंद खोलीवरील कौल फुटलें तर पाणी त्याच्या खोलीपुरतें थांबत नाहीं. तें आढ्यांत मुरतें, आणि धाकट्याच्या डोक्यावरचें छप्पर खालीं येतें. एकानें आपल्या भागावर पत्रे घातले व दुसऱ्यानें कौलें ठेविलीं, तर दोहोंच्या सांध्यांत गळती ठरलेलीच. मुंबईपुण्यास राहणारा म्हणतो, आम्ही तेथें राहतों कोठें? गांवीं राहणारा म्हणतो, घर सर्वांचें, मग भार माझ्या एकट्यावर कां? दोघांचेंही म्हणणें ऐकण्यासारखें आहे. पण आढें तें ऐकत नाहीं.

ह्यास्तव आम्हांस असें सुचवावेंसें वाटतें कीं खोल्या ज्याच्या त्याच्या असोत, छप्पर सर्वांचें मानावें, व त्याचा खर्च हिश्श्याप्रमाणें वेगळा काढून ठेवावा. गांवीं राहून देखरेख करणाऱ्याचे श्रम हीच त्याची वर्गणी, किंवा तिचा मोठा भाग, धरावी. त्याचे उपकार मानून त्याच्याकडूनच पैसेही घेणें न्याय्य नव्हे. २००५ च्या कायद्यानें मुलींसही मुलांबरोबरीचा हक्क मिळाला आहे. तेव्हां लेकींस सहीपुरतें न बोलावतां ह्या विचारविनिमयांतही बसवावें. एका वहींत कोणता वासा केव्हां बदलला, किती कौलें लागलीं, किती शिल्लक आहेत, हें लिहून ठेवावें. निरनिराळ्या कारखान्यांचे सांचे एकमेकांस जुळत नाहींत, आणि जुन्यांपैकीं बरेच कारखाने आतां बंद पडले आहेत. म्हणून आपल्याच जातीचीं शेंपन्नास कौलें, कोठें जुनें घर उतरविलें जात असतां, घेऊन परसांत रचून ठेवावीं.

हा निर्णय करण्यास उत्तम काळ कोणता? मे महिन्यांत आंब्यासाठीं मंडळी गांवीं जमतात; पण तेव्हां घर कोरडें ठणठणीत असतें, व छपराचा विषय कोणास सुचत नाहीं. गणेशचतुर्थीस मात्र सर्व जण येतात, आणि बाहेर भाद्रपदाचा पाऊस असतो. कोणाच्या खोलींत पातेलें मांडलें आहे तें त्या वेळीं प्रत्येकास दिसतें. तेव्हां आरती-प्रसाद झाल्यावर, मंडळी पांगण्यापूर्वीं, वडील माणसानें वही पुढें घ्यावी, वर्गणी ठरवावी, व चैत्रांत गांवीं कोण जाणार त्याचें नांव लिहावें. एवढें झालें तर पुढील शाकारणी वेळेवर होईल.